अकरा नंबरची चकती

११ मार्च, मंगळवार

प्रकल्प महिनाअखेर बंद! मॅडमनी दुपारच्या चहाला सांगितलं. अगदी सहज, जाताना खिडकी लावून घ्या म्हणावं तसं. अहवाल गेला, आता चकत्या ठेवून करायचं काय? "एकतीस तारखेला सगळं ऑटोक्लेव्हला लावून टाका. फ्रीजरमधले डबेसुद्धा." मी हो म्हटलं. पंचवीस वर्षं मी या प्रयोगशाळेत हो म्हणत आलोय.

नष्ट करायचं ते सगळं म्हणजे चोवीस माणसांच्या दातांवरून खरवडून घेतलेला आणि चकत्यांवर वाढवलेला थर. कागदावर त्या माणसांना दाते म्हणतात. नावं नाहीत, नुसते नंबर.

अकरा नंबर आमची ही.

१२ मार्च

काल पुढे लिहवेना.

हिला जाऊन सात महिने झाले. ऑगस्टमध्ये, शिवणयंत्रावर बसल्या बसल्या. पाय पॅडलवर तसाच होता म्हणे. मी घरी नव्हतो. मी इथे होतो, हिच्याच जंतूंना साखरपाणी घालत. हे कुणाला सांगितलेलं नाही.

१४ मार्च

ही नेहमी म्हणायची, "अहो, तुम्ही दिवसभर तिथे करता तरी काय? कुणी विचारलं तर काय सांगू — नवरा लोकांची थुंकी सांभाळतो?" मी हसून सोडून द्यायचो. एकदाही नीट सांगितलं नाही. आज लिहितो. उशीर झाला, पण लिहितो.

दात घासून पाच मिनिटं होत नाहीत तोच लाळेचा एक पातळ पापुद्रा दातावर बसतो. त्याला पहिले जंतू येऊन चिकटतात. त्यांना धरून दुसरे, दुसऱ्यांना धरून तिसरे. साखर मिळाली की त्यातले काही जण तिचा डिंक करतात, आणि त्या डिंकात सगळे घर करून राहतात. नुसत्या चुळीने निघत नाहीत. सकाळी जिभेने दात चाचपला की जे बुळबुळीत लागतं ते हेच. लोक त्याला घाण म्हणतात. ती घाण नाही, वस्ती आहे. तळाशी राहतात त्यांना हवा सोसत नाही, वरचे ती आधीच संपवून टाकतात. एकाने टाकलेलं आम्ल दुसरा खातो.

जंतू आहेत म्हणून दात किडतो असं नाही. ते सगळ्यांच्याच तोंडात असतात. साखर आली की काही जण तिचं आम्ल करतात, आम्लाने दाताचं कवच विरघळायला लागतं. मग लाळ येते, आम्ल धुऊन काढते, विरघळलेलं थोडंफार परत भरून देते. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढी उसंत मिळाली तर दात टिकतो. नाही मिळाली तर नाही.

आमच्याकडे हे सगळं काचेच्या भांड्यात चालतं. काढून टाकलेल्या दातांच्या नखाएवढ्या चकत्या, अंगाएवढी ऊब, वरून थेंब थेंब कृत्रिम लाळ, दिवसातून दोनदा साखरपाणी. मोजमाप, सूक्ष्मदर्शक, आकडेमोड हे संशोधक मुलगी करते. सगळे तिला घाईताई म्हणतात. ती जिना कधी चालत उतरलेली कुणी पाहिलेली नाही. लाळ मी तयार करतो. साखरपाणी मी घालतो. झालं माझं काम.

एवढंच तर होतं. दहा मिनिटांत सांगून झालं असतं!

१५ मार्च

हिचा नमुना घेतला तो दिवस आज सारखा आठवतोय.

किडके दात असलेले दाते कमी पडत होते. मॅडम म्हणाल्या, घरचं कुणी आहे का? घरी सांगितलं तर ही खूश! "म्हणजे माझ्या किडक्या दातांची कुणाला तरी किंमत आहे!" आदला अख्खा दिवस दात घासायचे नव्हते. सकाळपासून माझ्यामागे — "रोज म्हणता, तोंड धुतल्याशिवाय बोलू नकोस. आज बोलू ना?" आणि दिवसभर बोलली.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्यावर मॅडमनी संमतीपत्र वाचून दाखवलं. नमुना प्रकल्प संपेपर्यंत ठेवला जाईल, नंतर नष्ट करण्यात येईल. ही म्हणाली, "ठेवा हो, हवे तितके दिवस ठेवा. घरी माझं तोंड कुणाला नको असतं." मॅडम इतक्या हसल्या की हातातला चिमटा खाली पडला. मी मान खाली घालून उभा. मग साक्षीदार म्हणून सही केली. 'नष्ट करण्यात येईल' याच्या खाली माझीच सही आहे.

पुढच्या दाताला खाच होती. धागा दातानेच तोडायची, कात्री शेजारी असली तरी. शिवताना गालात लिंबाची गोळी. चहा सहा वेळा, दोन-दोन चमचे साखर. मी सांगायचो, एवढं गोड नको. "तुमच्यापेक्षा दातांचा डॉक्टर बरा, तो सहा महिन्यांतून एकदाच रागावतो."

मी रागावत नव्हतो. तिला तसं वाटायचं.

२३ मार्च, रविवार

लेकीचा फोन. "बाबा, या ना चार दिवस. हिरड्या शिवशिवतायत हिच्या, दिसेल ते चावते. काल माझं नाक धरलं!" नात सहा महिन्यांची झाली. आजी-नातीची भेट एका महिन्याने हुकली. मी पाहिली आहे, दवाखान्यात, दोन दिवस. घेतली नाही. हातातून निसटेल असं वाटलं.

मला फोनवर सुचत नाही. ही असताना फोन माझ्यापर्यंत यायचाच नाही. "बाबांना कशाला विचारतेस, त्यांना काय वाटतं ते मी सांगते ना." आणि खरंच बरोबर सांगायची.

म्हटलं, महिनाअखेर आहे, जमणार नाही. "मग एप्रिलमध्ये?" बघतो म्हटलं.

३१ मार्च

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं. आत काही जिवंत राहत नाही. सकाळी फ्रीजरमधले डबे लावले. दुपारी चकत्या. एक ते दहा. मग बारा ते चोवीस.

अकरा नंबरच्या चार चकत्या होत्या. तीन लावल्या. चौथी छोट्या बाटलीत घातली, वर लाळ ओतली, झाकण लावलं. मागच्या जुन्या खोलीत एक लहान इनक्युबेटर आहे, ऊब धरणारी पेटी, कुणी वापरत नाही. तो चालू केला. नोंदवहीत लिहिलं — चोवीस नमुने, सर्व नष्ट.

घाईताई दारातूनच, "काका, झाले का? चोवीसच्या चोवीस? वा! सुटलो बाई." आणि गेलीसुद्धा.

खोटी नोंद केली. नोकरीत पहिल्यांदा. अक्षर नेहमीसारखंच आलं.

१ एप्रिल

जिवंत आहे.

३ एप्रिल

लाळ बदलली. तिच्यात रंगाचा थेंब टाकतो — आम्ल नसलं तर जांभळा राहतो, झालं की पिवळा. जांभळा होता. सगळं ठीक.

साखर दिवसातून दोनदा असा नियम. पण तो प्रकल्पाचा नियम. प्रकल्प आता कुठे आहे? ही सकाळी उठल्यावर एक चहा घ्यायची, मी निघताना एक, अकराला, जेवल्यावर, चारला आणि दिवे लावल्यावर. सहा. तिला दोनदा कसं पुरणार? आजपासून सहा वेळा देतोय. फक्त शेवटच्या वेळी दिवे लागेपर्यंत थांबता येत नाही, म्हणून ती साखर सुटताना देतो.

मला कळत नाही असं नाही.

६ एप्रिल, रविवार

रविवारीही जाऊन आलो. जावंच लागणार, दुसरं कोण बघणार? वॉचमन गेटवर पेपर वाचत होता. "काय साहेब, सुट्टीच्या दिवशी? घरून हाकललं की काय बाईसाहेबांनी?" बोलला आणि मग त्याला आठवलं. पेपर घडी करत राहिला, उघडून परत घडी. मी म्हटलं, "हो, हाकललं." तो हसला नाही. पण आत जाताना मला बरं वाटलं. हाकललं म्हणायला कितीतरी दिवसांनी कुणीतरी होतं.

दिवसभर जुन्या खोलीत बसलो. तिथे एक खुर्ची, एक मोडकं टेबल, भिंतीला पंख्याचा काढलेला हूक. इनक्युबेटरची हलकी घरघर. शिवणयंत्रासारखी नाही. तरी.

८ एप्रिल

चहात दोन चमचे साखर घालून पाहिली. गिळवेना इतका गोड. पण सगळा प्यायलो.

१३ एप्रिल, रविवार

"बाबा, दात आला!" लेक फोनवर ओरडतच होती. खालचा, पुढचा. चमचा लावला की टक् वाजतो म्हणे. फोन नातीच्या तोंडाजवळ धरून वाजवून दाखवला. मला ऐकू आलं नाही. आलं म्हणालो.

"आता तरी या. तुम्ही दातांच्या खात्यातले ना? तपासणीला या!" येत्या रविवारी नाही, म्हटलं. काम आहे. "कसलं काम बाबा? तुम्ही म्हणालात प्रकल्प संपला." मी परत दाताचंच विचारलं. मग म्हणाली, "आई असती तर तुम्हाला ओढत आणलं असतं."

असती तर बाटली कशाला सांभाळली असती?

हे लिहिताना लेकीवर चिडल्यासारखं झालं. तिची काही चूक नाही. चार दिवस गेलो तर चार दिवस साखर नाही, लाळ नाही. मरून जाईल.

१६ एप्रिल

सकाळी बाटली पिवळी. लाळ बदलली. दुपारी परत पिवळी.

१९ एप्रिल

आज झाकण उघडल्यावर आंबूस वास आला. पूर्वी नव्हता. चकतीवर खडूसारखा पांढरा डाग. कवच आतून विरघळायला लागलं की असाच पडतो. हे मी नव्या मुलांना किती वेळा दाखवलं असेल! अजून भोक नाही, उसंत द्या, भरून येईल — असं सांगतो त्यांना.

अकरा वाजता परत साखर घातली.

खरं लिहायचं तर हे. अकरा वाजले की हात आपोआप जातो. रविवारी मी घरी असलो की अकराला आतून हाक यायची, "टाकू का चहा?" मी नको म्हणायचो. तिला माहीत असायचं नको म्हणणार, तरी दर रविवारी विचारायची. आता कुणी विचारत नाही. निदान द्यायचं तरी. कशी थांबवू?

२२ एप्रिल

पिवळी. पिवळी. पिवळी.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज मी ओरडलो.

घाईताईला नव्या प्रकल्पासाठी जुनी खोली मिळाली. मला कुणी सांगितलं नव्हतं. साडेदहाला गेलो तर खोलीचा दरवाजा सताड उघडा, मोडकं टेबल बाहेर, आणि तिच्या एका हातात बाटली, दुसऱ्या हातात ब्लीचचा डबा. "ई! कुणाचं आहे हे? किती महिने पडलंय कोण जाणे —" आणि झाकण उघडून ओतणार तेवढ्यात—

"ठेव ते खाली!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. कॉरिडॉरमधून दोघं-तिघं डोकावले. तिने बाटली टेबलावर ठेवली. दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. "काका, तुम्ही ओरडलात?" मला वाटतं ती घाबरली नव्हती. तिला खोटंच वाटत होतं.

मी बाटली घेतली आणि खिशात घातली. ऊब जाईल म्हणून वरून हात धरला. मग म्हटलं, माफ कर. तिने बाटलीवरचं लेबल वाचलेलं होतं. त्यावर नुसतं ११ लिहिलंय. माझ्या अक्षरात.

"काका, अकरा नंबर तर..." तिला माहीत होतं अकरा कोण. आमच्या हिने तिच्या ॲप्रनचा खिसा शिवून दिला होता एकदा, उभ्या उभ्या. ती त्याच खिशाकडे पाहत होती.

२६ एप्रिल

घाईताई मॅडमकडे गेली नाही. बाटलीही त्याच इनक्युबेटरमध्ये परत ठेवू दिली. विचारलं तर म्हणाली, "कशाबद्दल जाऊ?"

२८ एप्रिल, सोमवार

घाईताई एक तास एका जागी बसली! मी घड्याळ बघितलं म्हणून सांगतो.

तिने बाटलीतल्या थराचा कणभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली लावला. शेजारी संगणकावर अकरा नंबरचाच डिसेंबरमधला फोटो उघडला. मला बसायला खुर्ची ओढून दिली. "आधी हा बघा, काका." डिसेंबरचा फोटो मी पूर्वीही पाहिला होता, पण असा नाही. गोल, लांबट, काडीसारखे, मणी ओवल्यासारखे, एकमेकांत शिरलेले, काही धाग्यांना कणसासारखे लगडलेले. किती प्रकारचे! गर्दी नुसती.

"आता हा."

मणीच मणी. साखळ्या. बाकी काही नाही.

तिने हळू सांगितलं. मला तिचा हळू आवाज पहिल्यांदा कळला. "साखर किती वेळा घालत होतात?" सहा. "सहा? तुम्ही?" मी हो म्हटलं. "काका, सहा वेळा म्हणजे आम्ल उतरायला वेळच नाही मिळाला. नरम स्वभावाचे सगळे मेले. ज्यांना आम्ल चालतं तेच उरले, आणि ते आणखी आम्ल करत सुटले. हे जिवंत आहे, नाही असं नाही. पण काकूंची वस्ती म्हणाल तर... ती राहिली नाही."

तिने सुईचं टोक चकतीच्या डागावर टेकवलं. सुई आत गेली. लोण्यात जावी तशी.

मी सगळं केलं. मीच केलं. रोज नियमाने, वेळेवर. कुणी टाकून दिलं असतं तर त्याच्यावर राग तरी धरता आला असता.

फ्रीजरमध्ये काही? तिने विचारलं. एकतीस मार्चला मीच लावलं, म्हटलं. तिने मान हलवली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "काकूंनी तुम्हाला झापलं असतं आज." मी म्हटलं, "नाही. ती म्हणाली असती, बघा, शेवटी तुम्हीच किडवलेत ना!" आणि आम्ही दोघं हसलो. नंतर मी तोंड धुवायला गेलो.

३० एप्रिल

साखर घातली नाही. लाळ नुसती. सकाळी अकराला बेसिनपाशी उभा राहिलो, नळ सोडून. वेळ गेली.

जांभळा व्हायला संध्याकाळ झाली. पण झाला.

आता होऊन काय?

२ मे, शुक्रवार

घाईताईच्या नव्या प्रकल्पाची कागदपत्रं लावत होतो. आया आणि तान्ही मुलं. दोघांच्या तोंडातून नमुने घ्यायचे आणि जुळवायचे. मी फायलींना नंबर घालत होतो, ती समोर बसून माहितीपत्रक मोठ्याने वाचत होती, कानाला बरोबर लागतंय का बघायला. "बाळ जन्मतं तेव्हा दात किडवणारे जंतू त्याच्या तोंडात नसतात. दात आले की त्यांना राहायला जागा होते. ते बहुतेक वेळा आईकडून येतात. चमचा चाटून भरवलं, घास आधी चाखला, की लाळेतून जातात. म्हणून बाळाचा चमचा वेगळा ठेवा —" वाचता वाचता थांबली, "काका, 'वेगळा ठेवा' की 'उष्टा करू नका'?" उष्टा करू नका, मी म्हटलं. सगळ्यांना कळतं.

मग मी विचारलं, जुळवायचे म्हणजे काय?

"म्हणजे ठसा जुळवायचा. आईच्या तोंडात जी जात असते तीच मुलात सापडते. अगदी तीच, शेजारणीची नाही."

"किती दिवस टिकते?"

"एकदा घर धरलं की सहसा हलत नाहीत. मुलं मोठी झाली तरी."

"एकोणतीस वर्षं?"

तिने कागद खाली ठेवला. लेकीचं वय तिला माहीत असायचं कारण नाही. पण ती हुशार मुलगी आहे.

"राहू शकते, काका," म्हणाली. "का नाही राहणार."

लेक साडेतीन वर्षांची असताना तिची पहिली दाढ किडली. ही रडली होती. "माझेच दात गेले पोरीत." मी तेव्हा नवीनच या कामात लागलो होतो. तिला म्हणालो नव्हतो काही. समजूतही घातली नव्हती. दाढ भरून आणली, एवढंच.

३ मे

बाटली ऑटोक्लेव्हला लावली. एकटीच, एवढ्या मोठ्या भांड्यात. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं. शेजारी स्टुलावर बसून राहिलो. शिट्टी झाल्यावर वाफ सोडली, थंड होऊ दिलं, उघडलं. नोंदवहीत एकतीस मार्चच्या ओळीखाली खरी तारीख घालून खरं काय झालं ते लिहिलं आणि मॅडमच्या टेबलावर उघडी ठेवली.

मॅडमनी दुपारी बोलावलं. वही पुढ्यात. त्यांनी ती ओळ परत एकदा वाचली. मग म्हणाल्या, "तुमची रजा किती शिल्लक आहे?" मला वाटलं काढणार नोकरीवरून. म्हटलं, पुष्कळ. कधी घेतलीच नाही. "मग घ्या," म्हणाल्या. "मुलीकडे जाऊन या. आणि परत आलात की मला एक गोष्ट सांगा — त्या दिवशी खुर्चीत बसून त्या आणखी काय काय बोलल्या होत्या? मला सगळं आठवत नाही. मी नुसती हसत होते."

मला सगळं आठवतंय.

९ मे, शुक्रवार

लेकीच्या घरी. दारातच, "अहो बाबा, किती वाळलात! जेवता की नाही?" हुबेहूब तोच सूर. मी चप्पल काढायला वाकलो ते तसाच थोडा वेळ वाकलेला राहिलो.

नातीला घेतलं. निसटली नाही. माझं बोट तोंडात घातलंन आणि चावली. दोन झालेत दात. धारदार! लेक म्हणते, "तपासणी झाली का? रिपोर्ट काय?" म्हटलं, उत्तम आहेत. "आईने बघायला हवे होते," ती म्हणाली, आणि ओट्याकडे वळून पातेली उगाच इकडची तिकडे केली. मी म्हटलं, हो. मग आणखी काही तरी म्हणायला हवं म्हणून म्हटलं, "मला रोज आठवण येते तिची." लेकीने वळून बघितलं. असं मी कधी बोललो नव्हतो.

१० मे

सकाळी लेक नातीला बटाटा भरवत होती, उकडून कुस्करलेला. गरम असेल म्हणून चमचा आधी स्वतःच्या तोंडात घातला, चाखला, आणि तोच नातीच्या तोंडात. टक् वाजला. हीसुद्धा लेकीला असंच भरवायची. मी समोरच बसलो होतो. सांगायला हवं होतं. उद्या सांगेन.